हाताने बनवलेली फेडोरा: फेल्ट कसं ओळखायचं आणि घरच्या वाफेवर आकार कसा द्यायचा

मालवणात राहून फेल्टची फेडोरा, म्हणजे डोक्यावर खळगा आणि पुढे चिमटी असलेली हॅट, घालतो म्हटलं की लोक पहिलं हेच विचारतात, एवढ्या दमट हवेत ती टिकते कशी? टिकते, छान टिकते, पण फेल्ट चांगलं असेल तर. आणि वाफ दिल्यावर हाताचं ऐकतं ते पण चांगलंच फेल्ट, त्यामुळे किटली गॅसवर ठेवायच्या आधी हातातली हॅट नीट बघायला शिका.

फेल्ट हे विणलेलं कापड नाही, त्यात उभा-आडवा धागा नसतोच. लोकर किंवा फर गरम पाण्यात भिजवून, दाबून, घोळवून केस एकमेकांत इतके अडकवतात की त्याची घट्ट जाड चादर होते. म्हणजे ओलावा, उष्णता आणि दाब. याच तीन गोष्टींनी ते बनतं आणि याच तीन गोष्टींनी तुम्ही ते पुन्हा वळवू शकता, हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

प्रकार मुख्य दोन. मेंढीच्या लोकरीचं फेल्ट स्वस्त, जरा खरखरीत, आणि पावसात भिजलं की आकसतं. माझी पहिली फेडोरा लोकरीची होती, देवगडच्या जेटीवर एका सरीत चिंब झाली आणि वाळल्यावर कपाळावर बसेचना, मला खूप वाईट वाटलं होतं कारण पैसे साठवून घेतलेली. दुसरं फर फेल्ट, सशाच्या नाहीतर बीव्हरच्या केसांचं, बीव्हर म्हणजे थंड देशातला नदीत राहणारा प्राणी, त्याचं फेल्ट सगळ्यात उत्तम मानतात. फर फेल्ट पातळ असूनही दाट असतं, वजनाला हलकं, आणि पाण्याचा थेंब त्यावर थोडा वेळ मोत्यासारखा थांबतो. कोकणात वापरायची असेल तर माझं स्पष्ट मत, एकच घ्या पण फरची घ्या. आतल्या पट्ट्यावर दर्जाची खूण म्हणून ५एक्स, १०एक्स असं छापलेलं असतं त्यावर विसंबू नका, सगळ्या कंपन्यांना लागू होईल असं त्याचं एक माप नाही.

आता हाताने तपासा. डोक्यावरचा उंच भाग तो क्राऊन आणि भोवतीचा काठ तो ब्रिम. ब्रिम दोन बोटांत धरून गोल फिरवत जा, जाडी सगळीकडे सारखी लागली पाहिजे, मग उजेडासमोर धरा, विरळ डाग दिसले तर ठेवून द्या. काठ हलका वाकवून सोडा, परत जागेवर आला पाहिजे, सुरकुती राहता कामा नये. गडद रंग असेल तर पांढरा रुमाल घासून बघा, रंग उतरला तर आपल्याकडच्या घामाने तो कपाळावर येणारच. आतला चामड्याचा पट्टा उलटून बघा, तो शिवलेला हवा, चिकटवलेला नको, आणि रिबनसुद्धा बारीक टाक्यांनी धरलेली हवी.

साइजसाठी टेप कानांच्या जरा वरून आणि कपाळाच्या मधून फिरवा. ५८ सेंटीमीटर आलं तर ५८ च घ्या, घट्ट घेऊन सैल होईल अशा आशेवर राहू नका. किंचित सैल असेल तर पट्ट्यामागे फोमची पट्टी सरकवता येते.

हाताने बनवणारे बरेच जण क्राऊन गोल ठेवूनच देतात, घमेलं पालथं घातल्यासारखा, आणि खळगा आपण पाडायचा असतो. हॅट ताठ राहावी म्हणून फेल्टला बहुतेक वेळा शेलॅक लावलेलं असतं, म्हणजे आपली लाख, बांगड्यांची असते तीच. वाफेने लाख मऊ होते, थंड झाली की पुन्हा घट्ट. सगळा खेळ या लाखेचा आहे.

दिवस कोरडा निवडा. डिसेंबर-जानेवारीची सकाळ सगळ्यात चांगली, जुलैत हे काम काढूच नका, फेल्ट वाळत नाही आणि पाडलेली घडी दोन दिवसांत ढिली पडते. किटलीत पाणी उकळवा, तोटीतून सारखी वाफ आली पाहिजे. कुकरच्या शिटीवर धरू नका, वाफ जोरात येते आणि हात भाजतो. सुक्या मऊ ब्रशने आधी धूळ काढा. रिबनचा बो सहसा डाव्या बाजूला असतो, त्यावरून पुढची बाजू ठरवा आणि बरोबर मध्याला खडूची बारीक खूण करा.

क्राऊन वाफेपासून वीतभर लांब धरून २०-३० सेकंद फिरवत राहा, एका जागी थांबू नका आणि चामड्याच्या पट्ट्याला वाफ लागू देऊ नका, चामडं आकसतं. फेल्ट ओलं दिसायला लागलं तर वाफ जास्त झाली, थांबा. मऊ लागलं की हाताची कड मध्यावर ठेवून पुढून मागे हळू दाबत न्या. पहिल्यांदा उथळच पाडा, नंतर खोल करता येतं. मग पुढच्या दोन्ही बाजूंना परत वाफ द्या आणि अंगठा एका बाजूला, दोन बोटं दुसऱ्या बाजूला ठेवून आत घ्या. इथे हात उकडीच्या मोदकाला कळ्या पाडताना असतो तसा हवा, चिमटा काढायचा नाही, नुसतं वळवायचं, जोर केला तर फेल्टला कायमच्या चुण्या पडतात. थंड होईपर्यंत धरून ठेवा, मिनिटभर तरी, इथेच बहुतेकांची घाई होते. नाही आवडलं तर पुन्हा वाफ द्या, आतून हाताने वर ढकला, परत सुरुवात.

ब्रिमला पुढे वाफ देऊन बोटांनी खाली वळवा, मागचा भाग वर. मग रात्रभर सावलीत, पंख्याखाली ठेवा. उन्हात नको, रंग उडतो.

आजोबांच्या ट्रंकेत जुनी फर हॅट सापडली तर मात्र तिला घरी वाफ देऊ नका. पूर्वी फर घट्ट बसावी म्हणून पाऱ्याचं रसायन वापरायचे, त्याने कारागीर आजारी पडायचे, अमेरिकेत १९४१ साली त्यावर बंदी आली. अशी हॅट नुसती जपून ठेवा.

रोज घालताना-काढताना पुढची चिमटी धरू नका, ब्रिम दोन्ही हातांनी धरा, नाहीतर घडीवरच फेल्ट फाटतं. घरी आलात की पट्टा बाहेर उलटून घाम सुकू द्या. ठेवताना क्राऊनवर उलटी ठेवा, ब्रिमवर नाही. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या कागदात गुंडाळून कोपऱ्यात ठेवा, आणि गणपती झाले की पहिल्या कोरड्या दिवशी डबा उघडून पट्ट्याखाली बघा, पांढरी बुरशी तिथेच आधी धरते. दिसली तर अंगणात नेऊन सुक्या ब्रशने झटका, ओलं फडकं लावू नका.