जुना ट्रेन ट्रान्सफॉर्मर, प्लगमध्ये घालण्याआधी
जुन्या मॉडेल ट्रेनचा ट्रान्सफॉर्मर हातात आला की थेट प्लगमध्ये घालू नका राव. माझ्याकडच्याची वायर वाकवली तर रबराचा भुगाच पडला, म्हणून आधी वायर आणि प्लग बदलले, मग मल्टीमीटरने प्लगची पिन (अर्थची सोडून) ते पत्र्याची बॉडी चेक केली, तिथे कंटिन्युइटी, म्हणजे दोन्ही आतून जोडलेले दाखवले, तर विषयच संपला, तो वापरायचाच नाही. प्लेटवर ११५ व्होल्ट लिहिलं असेल तर २३० ला लावायचा नाही. पहिल्यांदा सिरीजमध्ये, म्हणजे वीज आधी बल्बमधून जाईल असा, ६० वॅटचा तारेचा पिवळा बल्ब टाकून चालू केला, लोड नसताना (ट्रॅक न जोडता) बल्ब फुल पेटला तर आत शॉर्ट समजा. आणि एकाच ट्रॅकला दोन ट्रान्सफॉर्मर नकोच, एकाचा प्लग काढला तरी दुसऱ्याचा करंट ट्रॅकमधून त्याच्यात शिरून त्याच्या उघड्या पिनांवर उलटा हाय व्होल्टेज येतो, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.