डाइव्ह कॉम्प्युटर घेताय? आधी बॅटरीचं झाकण बघा

तारकर्लीला एकदा समुद्राखाली जाऊन आलं आणि पुढे रीतसर कोर्स केला, की लातूर-परभणीच्या माणसालाही स्वतःचा डाइव्ह कॉम्प्युटर (पाण्याखाली मनगटावर बांधायचं, खोली आणि वेळ मोजणारं यंत्र) घ्यावासा वाटतो. हौशी डाइव्हिंगला महागडं मॉडेल लागत नाही. खोली, वेळ, नो-डीकोची (वर येताना मध्ये थांबे न घेता खाली राहता येईल अशी) उरलेली मिनिटं आणि वर येण्याचा वेग मोठ्या आकड्यांत दिसला की पुरे. नायट्रॉक्सची (जास्त ऑक्सिजन असलेल्या हवेची) सोय बहुतेकांत असतेच.

खरी मेख बॅटरीत आहे. आपल्या भागात सर्व्हिस सेंटर कुठून आणणार? म्हणून बॅटरी घरच्या घरी बदलता येईल असंच मॉडेल घ्या. बदलताना ओ-रिंग (झाकणातून पाणी आत येऊ न देणारी रबरी कडी) उजेडात धरून बघा. एखादा केस किंवा वाळूचा कण अडकला तरी पाणी आत शिरतं.

आणि 'नो-फ्लाय' वेळ, म्हणजे डाइव्हनंतर विमानात बसण्याआधी किती थांबायचं ते, ठळक दाखवणारं निवडा. उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि डाइव्हमध्ये शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. विमानाने जायचं नसलं तरी परतीच्या वाटेवरची आंबोली सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे. विमानासाठी एका डाइव्हनंतर किमान १२ तास, जास्त डाइव्ह झाल्या तर १८ तास थांबायला सांगतात. घाट चढतानाही तेच पाळा, गाडी दुसऱ्या दिवशीच काढा.