निन्टेन्डो डीएस संगणकावर: जिथे झाकणच नाही, तिथे ते मिटायचं कसं?

निन्टेन्डो डीएस हे हातात धरून खेळायचं गेमचं यंत्र २००४ साली आलं. आत दोन एआरएम प्रोसेसर, एक ६७ मेगाहर्ट्झचा आणि दुसरा ३३ चा, आणि मेमरी ४ एमबी. आजचा साधा लॅपटॉपही हे सहज पेलतो, त्यामुळे वेगाची चिंता सोडा. घोळ वेगळाच आहे. दोन पडदे, खालच्यावर चालणारी स्टायलस (पेनसारखी काडी), माइक आणि डब्यासारखं मिटणारं अंग, या सगळ्याचा गेम बनवणाऱ्यांनी खेळातच वापर केला. संगणकाकडे यातलं फारसं काही नाही.

१. तयारी
मेलनडीएस हा एम्युलेटर, म्हणजे संगणकाला डीएससारखं वागायला लावणारा प्रोग्राम, घ्या. फुकट आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतं. डीएसचे गेम थेट सुरू करायला बायोसच्या (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या) फायली धुंडाळत बसावं लागत नाही, कामापुरता बायोस त्यातच असतो. गेम मात्र स्वतःच्या कार्ट्रिजमधून (यंत्रात खोचायच्या गेमच्या चकतीवजा चिपमधून) काढा. होमब्रू (हौशी लोकांनी बनवलेले, निन्टेन्डोचे नसलेले प्रोग्राम) बसवलेलं थ्रीडीएस, म्हणजे डीएसची पुढची पिढी, हाताशी असेल तर गॉडमोड९ हे साधन गेमची प्रत आणि जुनं सेव्ह दोन्ही काढून देतं.

२. पडद्यांची मांडणी
मेनूत ‘व्ह्यू’मध्ये जा. एकावर एक, शेजारी-शेजारी किंवा एक मोठा नि बाजूला दोन छोटे, असे पर्याय दिसतील. रुंद मॉनिटरवर मला शेवटचा बरा वाटतो. काही गेम यंत्र पुस्तकासारखं आडवं धरून खेळायचे असतात, त्यांच्यासाठी तिथेच रोटेशन आहे.

प्रत्येक पडदा २५६ × १९२ ठिपक्यांचा. एकावर एक रचले की उंची ३८४ होते. १०८० ओळींच्या मॉनिटरवर ती बरोबर दुप्पट बसते आणि थोडी जागा उरते. ती काळीच राहू द्या. अडीच-पावणेतीन पट ताणलंत तर अक्षरांची एक रेघ जाड, दुसरी बारीक दिसू लागते.

आणि ‘स्क्रीन गॅप’ विसरू नका. खऱ्या यंत्रात दोन पडद्यांमध्ये बिजागरी होती, आणि काही गेम त्या जागेलाही मैदान समजतात. वर गेलेली वस्तू क्षणभर दिसेनाशी होऊन मग वरच्या पडद्यावर उगवते. गॅप शून्य ठेवली की तीच वस्तू तुटक उडी मारल्यासारखी वाटते.

३. फुंकर आणि झाकण
झेल्डा मालिकेतल्या २००७ च्या ‘फँटम अवरग्लास’मध्ये मशाली विझवायला माइकवर फुंकर मारायची असते. लॅपटॉपचे माइक बऱ्याचदा फुंकरीचा आवाज गोंगाट समजून गाळून टाकतात. तुम्ही फू-फू करत बसता, मशाल ढिम्म. ऑडिओ सेटिंग्जमध्ये माइकच्या जागी ‘व्हाइट नॉइज’ (एकसारखी खरखर) निवडा आणि माइकला एक कळ नेमून द्या. कळ दाबली की फुंकर. घरच्यांसमोर शोभाही होत नाही.

त्याच गेममध्ये वरच्या पडद्यावरचं चिन्ह खालच्या नकाशावर उमटवायचं असतं. कितीही टिचक्या मारा, घासा, काही होत नाही. उत्तर एकच: यंत्र मिटायचं, म्हणजे वरचा पडदा शिक्क्यासारखा खालच्यावर दाबला जातो. मी बावळटासारखं लॅपटॉपचं झाकण मिटून पाहिलं. लॅपटॉप झोपी गेला, नकाशा तसाच. मेलनडीएसच्या हॉटकीच्या (शॉर्टकट कळांच्या) यादीत झाकण मिटण्या-उघडण्याची कळ आहे. ती एकदा दाबा, क्षणभर थांबा, पुन्हा दाबा.

४. हातांची वाटणी
माउस म्हणजे तुमची स्टायलस, आणि तो उजव्या हातात. म्हणून दिशांची बटणं डब्ल्यू-ए-एस-डीवर घ्या. बाणांच्या कळा ठेवल्यात तर दोन्ही हात एकाच बाजूला कोंबले जातील. चित्र काढायचा टॅबलेट असेल तर सोन्याहून पिवळं. डावखुऱ्यांनी सगळं उलटं करावं.

५. सेव्ह
गेमच्या आतलं सेव्ह आणि एम्युलेटरचं ‘सेव्ह स्टेट’ यांत गल्लत करू नका. स्टेट म्हणजे त्या क्षणाची हुबेहूब नक्कल. एम्युलेटरची आवृत्ती बदलली की ती उघडेलच असं नाही. गेममध्ये जाऊन सेव्ह करा आणि त्याच्या डॉट सॅव्ह (.sav) फाइलची प्रत दुसरीकडे ठेवा. आधी डेस्म्युमे हा दुसरा एम्युलेटर वापरत असाल तर त्याची डॉट डीएसव्ही (.dsv) फाइल नुसतं नाव बदलून आणू नका, तिच्या शेपटाला जादा माहिती जोडलेली असते. डेस्म्युमेमधूनच बॅकअप मेमरी ‘एक्स्पोर्ट’ करा, मग ती मेलनडीएसमध्ये आणा.