फिनाईल ओतू नका, आधी उचला : रक्त, सांडपाणी आणि मृत्यूनंतरची घराची सफाई

मे महिन्यात फ्लॅट स्कीमच्या सेक्रेटरींचा फोन आला की पुढचं वाक्य बहुधा ठरलेलं असतं : "दादा, वरच्या माळ्यावरून वास येऊन राहिला." एकटे राहणारे काका, चार दिवस बंद दार, बाहेर ४५ अंश. नागपूरच्या मनीषनगरातल्या एका स्कीममध्ये आम्ही सफाईवाले पोहोचलो तोवर पोलीस येऊन गेले होते आणि पार्थिव मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, नेलं होतं. शेजाऱ्यांनी भल्या मनाने अख्खा कॅन फिनाईल खोलीत ओतलं होतं. दिवाणाखाली दोन फरशांपुरतं जे होतं, ते फिनाईलबरोबर वाहत भिंतीच्या पट्टीखाली गेलं आणि शेजारच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचलं. अर्ध्या दिवसाच्या कामाला तीन दिवस लागले.

या कामाचा क्रम एकच आहे : आधी घाण उचलायची, मग धुवायचं, आणि शेवटी जंतुनाशक. आपल्याकडे बहुतेक जण उलट्या टोकाकडून सुरुवात करतात.

स्वतः करायचं की माणसं बोलवायची?

भाजी चिरताना बोट कापलं, घोळणा फुटला, मुलाने टाईल्सवर उलटी केली, तर ते घरीच साफ होतं. रक्त गादीत, लाकडात किंवा प्लास्टरमध्ये मुरलं असेल, मृतदेह काही दिवस पडून होता, ड्रेनेजचं पाणी खोल्यांत शिरलं किंवा गच्चीवर कबुतरांच्या विष्ठेचा थर साचला, तर सराईत माणसं बोलवा. झाडूपोछ्याच्या बाईला जास्तीचे पैसे देऊन हे काम सांगू नका. तिच्या हातात मोजे नसतात, आणि हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या डागातही किमान सात दिवस तग धरतो.

पोलीस आधी, बादली नंतर

घरात अनैसर्गिक किंवा संशयास्पद मृत्यू झाला असेल तर पंचनामा होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली पोलीस चौकशी करतात आणि तुमच्या पोछ्याने पुरावा जाऊ शकतो. खोली मोकळी झाल्याचं तपास अधिकाऱ्याकडून स्पष्ट विचारून घ्या. मग सगळ्या खोल्यांचे फोटो काढा. कपाटातले दागिने, पासबुक, घराची कागदपत्रं नातेवाइकासमोर बाजूला काढून यादीवर सही घ्या. हे टाळलं की नंतर आरोप सफाईवाल्या पोरांवरच येतो.

कूलर बंद

नागपुरात हे पहिल्या पाच मिनिटांत करायचं. कूलर हवा आत ढकलतो, म्हणजे खोलीतला वास आणि उडालेले कण उरलेल्या घरात जातात. वर ओलावाही वाढतो. पंखाही बंद ठेवा. बाहेरच्या बाजूची खिडकी उघडा, घरातलं दार लावून फटीला ओलं फडकं घाला. दाराबाहेर एक चादरभर जागा ठरवा आणि अंगावरचे मोजे-कपडे तिथेच उतरवा. तिथून पुढे घाणेरडा बूट जाणार नाही.

अंगावर काय?

नायट्राईलचे (रबरी) दोन जोड हातमोजे, एन-९५ मास्क, चष्मा, गमबूट, अंगभर कव्हरॉल. कव्हरॉलमध्ये मे महिन्यात वीस-पंचवीस मिनिटांवर कोणालाही ठेवत नाही. आमच्याकडे एक पोरगा बाहेर फक्त घड्याळ आणि ओआरएस सांभाळतो. उतरवताना बाहेरचे मोजे आधी आणि मास्क सर्वांत शेवटी, मग साबणाने हात.

उचलणं

फुटलेली काच आणि सुया चिमट्याने उचलून जाड प्लास्टिकच्या डब्यात टाका, हाताने कधीच नाही. ओल्या डागावर वर्तमानपत्र किंवा जुनी सुती फडकी टाका. कडेकडून मधे या, नाहीतर डाग पसरतो. वाळलेला डाग खरवडायच्या आधी भिजवा, कोरडा खरवडला तर भुकटी नाकात जाते. पाणी थंडच घ्या. गरम पाण्याने रक्तातली प्रथिनं घट्ट होऊन चिकटून बसतात.

कापसाची गादी, उशी, सोफ्याचा फोम वाचवायचा हट्ट सोडा. वर नाण्याएवढा दिसणारा डाग खाली ताटाएवढा असतो. दिवाणाचा प्लायही खालून बघा. शहाबादी फरशी पाणी पिते, टाईल्सच्या सांध्यातलं सिमेंटही पिते. तिथे मुरलं असेल तर सांधे कोरून काढून नव्याने भरावे लागतात, प्लास्टर असेल तर छिन्नीने फोडून काढायचं. मग साबणाच्या पाण्याने घासा. घाणीवर ओतलेलं क्लोरीन घाणच खाऊन टाकते, जंतूंसाठी काही उरत नाही.

आता जंतुनाशक

सगळ्यात स्वस्त आणि भरवशाचं म्हणजे सोडियम हायपोक्लोराईट. पाच टक्क्यांचं द्रावण असेल तर एक भाग द्रावणात चार भाग पाणी घाला, म्हणजे एक टक्का झाला. तीस टक्के क्लोरीनची ब्लीचिंग पावडर असेल तर लिटरला साधारण ३३ ग्रॅम. रक्ताच्या जागेवर ते ३० मिनिटं ओलं राहिलं पाहिजे आणि इथेच नागपूरचा उन्हाळा दगा देतो. फरशी पाच मिनिटांत सुकते. द्रावणात भिजवलेली फडकी अंथरा आणि मधेमधे ओली करत राहा. द्रावण रोज नवं करा. उन्हात ठेवलेलं आणि मागच्या वर्षीची उघडी पावडर, दोन्ही बिनकामाचे.

त्यात बाथरूमचं ॲसिड किंवा टॉयलेट क्लीनर कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो. अमोनिया असलेल्या क्लीनरशीही घातक वायू तयार होतो. आमच्यातल्याच एकाने घाईत बादलीत दोन्ही ओतलं होतं. तो सावरला, पण दोन दिवस खोकत होता.

घरात गटाराचं पाणी शिरलं तर

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदीकाठच्या वस्त्यांत पाणी घुसलं. अंबाझरी लेआउट, डागा लेआउटमधल्या लोकांना पुढचं सांगायला नको. तसं पाणी ओसरल्यावर मेन स्विच बंद असल्याची खात्री करूनच आत जा. गाळ ओला असतानाच काढा. फ्रीज-वॉशिंग मशीन इलेक्ट्रिशियनने बघितल्याशिवाय लावू नका. पाण्याला लागलेलं धान्य, लोणचं, औषधं फेका, मन घट्ट करून. पायाला जखम असेल आणि नंतर ताप आला तर डॉक्टरांना पुराच्या पाण्यात उतरल्याचं आवर्जून सांगा, लेप्टोस्पायरोसिसची शंका घ्यावी लागते.

सेप्टिक टँकमध्ये मात्र कोणालाही उतरवू नका. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय तसं उतरवणं गुन्हा आहे आणि आतल्या वायूने माणूस काही क्षणांत कोसळतो. महापालिकेची किंवा खाजगी सक्शन गाडी मागवा.

कचरा कुठे टाकायचा?

दवाखाना, लॅब असेल तर २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे तो अधिकृत सुविधेकडेच जातो, कचरागाडीत नाही. घरातला थोडा कचरा दुहेरी पिशवीत बांधून वर खूण करा, ओल्या-सुक्यात न मिसळता वेगळा द्या. जास्त असेल तर आधी झोनच्या स्वच्छता निरीक्षकाशी बोला. गादी भंगारवाल्याला देऊ नका आणि फाडल्याशिवाय बाहेर ठेवू नका, रात्रीत कोणीतरी वापरायला उचलून नेतं. भांडेवाडीच्या कचरा डेपोवर कचऱ्यात हात घालून पोट भरणारी माणसं आहेत, हे पिशवी बांधताना डोक्यात ठेवा.

सुई टोचलीच तर जागा साबण-पाण्याने धुवा, पिळू नका, ब्लीच लावू नका आणि थेट मेयो किंवा मेडिकल, यांपैकी एक सरकारी दवाखाना गाठा. एचआयव्ही टाळणारी औषधं जितकी लवकर तितकी चांगली, ७२ तासांनंतर उपयोग नाही.

माणसं बोलवताना

तीन गोष्टी विचारा : कामगारांना हिपॅटायटिस बीची लस दिली आहे का, कचरा कुठे जाणार, आणि कोणतं रसायन किती वेळ ठेवणार. "सर, एकदम सुगंधी करून देतो" हे उत्तर आलं तर दुसरा नंबर लावा. वास घालवणारं ओझोन वायूचं मशीन लावणार असतील तर त्या वेळी घरात माणूस, मांजर, पोपट कोणीच नको. घाण न काढता लावलेला ओझोन पुसट करतो तो फक्त वास, तोही थोड्या दिवसांसाठी.

झालं की नाही?

पांढरं ओलं फडकं सांध्यांवर घासा, डाग उमटायला नको. मग खोली एक दिवस बंद ठेवा आणि आत न राहिलेल्या माणसाकडून उघडून घ्या. आपलं नाक एव्हाना मेलेलं असतं.

मनीषनगरच्या त्या फ्लॅटमध्ये फडकं पांढरं निघालं, बंद खोलीची परीक्षाही पास झाली. काकांचा मुलगा पुण्याहून आला, त्याने कूलर लावला आणि दहा मिनिटांत वास परत. गवताच्या ताट्या चार दिवस तोच वास पीत बसल्या होत्या. ताट्या काढल्या, टाकीतलं हिरवं पाणी उपसलं, टुल्लू पंप फेकला, पत्रा घासून उन्हात ठेवला. संध्याकाळी नव्या गवतावर पाणी सोडलं, तेव्हा फक्त ओल्या गवताचा वास आला.