पक्षाघातानंतर घरी व्हीआरचा सराव: कोकणातल्या घरांसाठी

पक्षाघाताने लुळा पडलेला हात पुन्हा कामाला लावायचा, तर एकच हालचाल दिवसभरात शेकडो वेळा करावी लागते, आणि रुग्ण व घरची मंडळी दोघेही कंटाळतात ते तिथेच. पाखाडी चढून रस्त्यावर यायचे आणि तिथून रिक्षा-एसटीने रत्नागिरीला फिजिओथेरपीसाठी जायचे, यात अर्धा दिवस मोडतो. म्हणूनच गणपतीला आलेला मुंबईकर मुलगा हल्ली व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर बांधून आभासी खेळ खेळायचे यंत्र, सोबत घेऊन येतो. मात्र या यंत्राकडून अपेक्षा माफक ठेवावी. वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात ७२ चाचण्यांचा विचार झाला होता. हाताच्या हालचालीसाठी व्हीआर नेहमीच्या व्यायामापेक्षा सरस ठरले नाही, पण नेहमीच्या उपचाराला जोडून सरावाचा एकूण वेळ वाढवला, तेव्हा फायदा दिसला. थोडक्यात, ठरलेला व्यायाम चालू ठेवून त्यावर ही भर घालायची आहे.

सुरुवात करण्यापूर्वी डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टना विचारावे. फिट येत असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल, खांदा दुखत किंवा निसटत असेल, अथवा एका बाजूचे भानच राहत नसेल, तर त्यांच्या होकाराशिवाय हेडसेट लावू नये. कोणता खेळ द्यायचा, हेही त्यांनीच ठरवावे.

जागा निवडताना पडवीचा मोह टाळावा. तिथे येणारे तिरपे ऊन हेडसेटच्या भिंगांवर पडले, तर आतला पडदा कायमचा खराब होऊ शकतो. उलट माजघरातल्या अंधारात हेडसेटवरच्या कॅमेऱ्यांना हात ओळखता येत नाहीत. ओटीवर खिडकी लोटून ट्यूबलाइट लावली की काम भागते. रुग्णाला हात असलेल्या, चाके नसलेल्या, जड लाकडी खुर्चीवर बसवावे आणि हेडसेटमध्ये बसून खेळण्याची मर्यादा आखून घ्यावी. झोपाळ्यावर कधीही बसवू नये, कारण डोळे झाकलेल्या माणसाला तोल सावरता येत नाही. एक जण दुबळ्या बाजूला हाताच्या अंतरावर उभा हवाच. पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा भरवसा नसल्यामुळे चार्जिंग सकाळीच उरकावे, आणि दमट हवेत धुकटलेली भिंगे कोरड्या मऊ फडक्याने पुसावीत.

हेडसेटचे वजन साधारण अर्धा किलो असते आणि एका हाताने पट्टा आवळणे रुग्णाला जमत नाही; तो मदतनिसाने बांधावा. पहिले काही दिवस पाच मिनिटे पुरेत, मग सोसेल तसे वीस मिनिटांपर्यंत जावे. समोरचे दृश्य स्थिर राहील असेच खेळ निवडावेत, कारण शरीर बसलेले आणि दृश्य मात्र धावते, अशा खेळात मळमळ सुटते. घाम फुटला किंवा गरगरले, तर लगेच थांबावे. तोंड वाकडे झाले, बोबडी वळली किंवा हात नव्याने ढिला पडला, तर ती दमणूक समजू नये; ताबडतोब १०८ ला फोन करावा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गुणांपेक्षा पाठीकडे पाहावे. आमच्या घरी वडिलांचे फुगे फोडण्याचे गुण आठवडाभरात दुप्पट झाले आणि आम्ही खूश झालो. बाजूने काढलेला व्हिडिओ पाहिल्यावर कळले, की कोपर जेमतेम सरळ होत होते आणि ते कमरेतून पुढे वाकून, खांदा कानापर्यंत उचलून फुगा गाठत होते. गुण मोजणाऱ्या खेळाला ही लबाडी कळत नाही, आणि शरीराला मात्र तीच सवय लागते. यावर फिजिओथेरपिस्टनी सुचवलेला उपाय साधा होता: पाठ आणि खुर्ची यांच्यामध्ये घडी घातलेला पंचा ठेवायचा. पंचा खाली सरकला, की फुगा बाद. पहिल्या दिवशी गुण निम्म्यावर आले, वडील चिडले, पण कोपर लांबू लागले.

बोटे नीट मिटत नसतील, तर कंट्रोलरऐवजी (हातात धरायच्या बटणांच्या साधनाऐवजी) कॅमेऱ्याने थेट हात ओळखणारा खेळ घ्यावा; मूठ घट्ट आवळलेली राहत असेल, तर कॅमेऱ्याला तीही कळत नाही, तेव्हा आधी बोटे हळुवार मोकळी करून घ्यावीत. दुबळा हात ओढून मात्र कधीही नेऊ नये. कोपराखाली आधार द्यावा.

हेडसेट उतरवल्यावर थोडी विश्रांती घेऊन तीच हालचाल खऱ्या वस्तूंवर करावी. आभासी फुग्याला वजन नसते, तांब्याला असते. आधी रिकामी करवंटी, मग सुपाऱ्या एका वाटीतून दुसरीत, आणि पकड जमू लागली की अर्धा भरलेला तांब्या, अशी चढण ठेवावी. तारीख, मिनिटे, दुखले का आणि पंचा किती वेळा पडला, एवढे वहीत लिहून बाजूने काढलेल्या व्हिडिओसह दर आठवड्याला फिजिओथेरपिस्टना व्हॉट्सॲपवर पाठवावे.