मंद इलेक्ट्रॉनांनी डीएनएला झालेली इजा कशी मोजावी

डीएनएच्या प्रत्येक फॉस्फेट गटावर ऋणभार असतो आणि मोजणीची सगळी रीत याच भारावर उभी आहे. प्रथम घट्ट पीळ असलेल्या प्लास्मिडमधील (जीवाणूंत आढळणारा छोटा, दोन धाग्यांचा वर्तुळाकार डीएनए) जादा क्षार काढावेत, त्याचा अतिशय पातळ थर धातूच्या पत्र्यावर वाळवावा आणि उच्च निर्वातात त्यावर ठरावीक ऊर्जेचे इलेक्ट्रॉन सोडावेत. कॅनडातील शेरब्रूक विद्यापीठात लिऑन सांश यांच्या गटाने २००० मध्ये दाखवले की ३ ते २० इलेक्ट्रॉन-व्होल्टचे (ऊर्जेचे अतिसूक्ष्म एकक), म्हणजे आयनीभवनाच्या (रेणूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढण्याच्या) उंबरठ्याखालचेसुद्धा, इलेक्ट्रॉन डीएनएचे धागे तोडतात. इलेक्ट्रॉन रेणूला क्षणभर चिकटतो, तात्पुरता ऋण आयन बनतो आणि बंध तुटतो. हा शोध मला विलक्षण वाटतो, कारण किरणोत्सर्गाने पेशीत असे दुय्यम इलेक्ट्रॉन मुबलक निर्माण होतात.

नंतर थर पाण्यात विरघळवून ॲगारोज जेलमध्ये (जेलीसारख्या सच्छिद्र थरात) विजेच्या दाबाखाली चालवावा. ऋणभारित रेणू धनाग्राकडे सरकतात: अखंड पीळदार प्लास्मिड सर्वांत पुढे, एक धागा तुटून सैल झालेले वर्तुळ सहसा सर्वांत मागे, दोन्ही धागे तुटलेला सरळ रेणू मध्ये. निर्वातात ठेवलेला, पण मारा न केलेला नमुना शेजारी अवश्य चालवावा. नुसत्या वाळवण्यानेही डीएनए तुटू शकतो आणि ती तूट वजा केल्याशिवाय तुटलेल्या रेणूंचा आकडा खरा मानू नये.