बुद्धिबळाच्या पहिल्या स्पर्धेला निघण्याआधी

मोबाइलवर हजार डाव खेळलेलं लेकरू खऱ्या पटासमोर बसलं की पहिल्या दहा मिनिटांत उंट फुकट देतं. डोकं तेच असतं, पण नजरेला उभ्या सोंगट्यांची सवय नसते. पुढचा हत्ती मागच्या प्याद्याला झाकतो, लांबून येणारा तिरपा मारा दिसतच नाही. म्हणून तयारी ओपनिंगच्या, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चालींच्या, पाठांतराने सुरू करू नका. गुंडाळायचा विनाइलचा पट आणि प्लास्टिकच्या सोंगट्या आणा. पंधरा-वीस दिवस रोज एक डाव त्यावरच खेळा, मग तो मोठा माणूस असो की लेकरू.

आता हाताचं बघू. घरी ‘थांब थांब, घोडा नाही, उंट’ चालतं. स्पर्धेत हात लावलेली सोंगटी चालवावीच लागते आणि समोरच्याच्या सोंगटीला हात लावला तर शक्य असल्यास ती मारावी लागते. कॅसलिंग (एकाच चालीत राजा आणि हत्ती दोघांना हलवणं) करताना आधी राजा धरायचा, तोही एकाच हाताने. माझ्या पहिल्या स्पर्धेत मी सवयीने हत्ती आधी उचलला. समोर चौथीतला मुलगा होता. त्याने एक शब्द न बोलता हात वर केला, पंच आले आणि मला हत्तीच हलवावा लागला. राजा मधोमध उघडा राहिला, पुढचं काय सांगायचं! सोंगटी नुसती सरळ करायची असेल तर आपली पाळी असताना, आधी ‘अ‍ॅडजस्ट’ म्हणून करा.

ज्या हाताने चाल, त्याच हाताने घड्याळ दाबायचं. रॅपिडमध्ये, म्हणजे कमी वेळाच्या डावात, बहुतेकदा प्रत्येकाला १५ मिनिटं आणि दर चालीला १० सेकंद जादा असा काहीसा वेळ असतो. घरी मोबाइलमधलं चेस क्लॉक लावून खेळा. वेळ संपत आल्यावर हात कापतो, तो घरीच कापू द्या. रॅपिडला चाली लिहिण्याची सक्ती नसते, क्लासिकलला (लांब वेळाच्या डावाला) असते. त्यासाठी आठवडाभर वहीत डाव लिहून बघा.

पत्रक नीट वाचा. रेटिंग स्पर्धा (जिच्या निकालावर खेळाडूच्या ताकदीचा आकडा, म्हणजे रेटिंग, ठरतं) असेल तर अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाची नोंदणी आणि फिडे या जागतिक संघटनेचा आयडी लागतो. ते काम शेवटच्या दिवसावर ठेवू नका. वयोगटासाठी जन्मदाखला जवळ ठेवा.

स्पर्धा संभाजीनगरला असेल आणि तुम्ही परभणी-नांदेडकडचे असाल तर आदल्या संध्याकाळीच पोचा. परभणीहूनच अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. पहाटे उठून गाडीत पेंगत गेलेला माणूस पहिल्या फेरीला वजीर कुठे आहे तेच विसरतो. मावशी, आत्या, कुणीतरी असतंच की तिथे.

डब्यात धपाटे आणि शेंगांची चटणी मस्त, पण खाऊन झाल्यावर साबणाने हात धुवा. तेलकट बोटांतून घोडा निसटला तर पटावरच्या चार सोंगट्या पाडतो आणि त्या आपल्याच वेळात जागेवर लावाव्या लागतात. दही दुपारच्या फेऱ्यांआधी नकोच, डुलकी येते. मोबाइल पालकांकडे द्या. सभागृहात खिशातला फोन वाजला तर डाव जाऊ शकतो.

बहुतेक स्पर्धा स्विस पद्धतीने होतात, म्हणजे हरलं तरी सगळ्या फेऱ्या खेळायला मिळतात. पहिल्या फेरीत रेटिंगनुसार लावलेल्या यादीचा वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्या भागाशी भिडतो. तेव्हा नवख्यासमोर रेटिंगवाला आला तर आयोजकांवर चिडू नका, पद्धतच तशी आहे. पुढे सारख्या गुणांचे लोक समोरासमोर येत जातात.

फेरी लागली की भिंतीवरच्या कागदावर तीन गोष्टी बघा: आपलं नाव, पट क्रमांक, रंग. काळ्याच्या जागी पांढरा धरून बसलेले मी दर स्पर्धेत पाहतो. डाव संपला की हात मिळवा आणि निकाल दोघांनी मिळून पंचांना सांगा. मग चहा प्या, पण पुढची जोडी लागण्याआधी निकालाच्या यादीत आपला गुण बरोबर चढलाय का ते बघा. चूक असेल तर तेव्हाच बोला. नंतर जोड्या लागून गेलेल्या असतात.